कामाचा कंटाळा कसा करावा
नवशिक्यांसाठी सहा धडे, स्वाध्याय व उत्तरसूचीसह

प्रस्तावना

पेटी शिकवणारी पुस्तकं आहेत, पोहायला शिकवणारी आहेत. तीस दिवसांत कन्नड शिकवणारं पुस्तक मी स्वतः एकदा स्टेशनबाहेर वीस रुपयांना घेतलं आहे. पण माणूस जागेपणातले कितीतरी तास जिथे घालवतो, तिथे ते तास नीट कंटाळून कसे काढावेत हे सांगणारं पुस्तक काही मला मिळालं नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी हा छोटासा प्रयत्न.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करू. पुष्कळांना वाटतं, कंटाळा येतो. तो पावसासारखा कुठून तरी येतो आणि आपण भिजतो. हे खरं असतं तर शिकण्यासारखं काही उरलंच नसतं. आपल्या भाषेनं 'कंटाळा येणे' आणि 'कंटाळा करणे' असे दोन वेगळे प्रयोग ठेवले आहेत, ते उगीच नाहीत. "कंटाळा येऊ देऊ नकोस," असं कुठलीच आई म्हणत नाही. "कंटाळा करू नकोस," असंच म्हणते. करण्याची गोष्ट आहे हे तिला माहीत असतं. येते ती जांभई. कंटाळा करावा लागतो, आणि करायची कुठलीही गोष्ट म्हटली की तिला पद्धत आली, सराव आला, गुरू आला.

गुरूचा अधिकार सांगतो. मी १९८३ साली एका राष्ट्रीयीकृत बँकेत क्लार्क म्हणून लागलो आणि २०२० साली निवृत्त झालो. बँकेचं नाव सांगत नाही, कारण पेन्शन तिथूनच येते. या ३७ वर्षांत मी लेजर लिहिली, टोकनं दिली, चेक पास केले, पुढे कॉम्प्युटरवर बसलो. पण या सगळ्या काळात सातत्यानं, एकही दिवस खंड न पडू देता केलेलं काम एकच. त्यातलं पिढीजात ज्ञान लोप पावू नये म्हणून हे धडे.

साहित्य

नोकरी एक (शक्यतो पक्की. कच्च्या नोकरीत भीती वाटते आणि भीतीत कंटाळा नीट मुरत नाही). समोर दिसेल असं भिंतीवरचं घड्याळ एक. तक्रार एक, मध्यम आकाराची. ती ऐकून घेणारा सहकारी एक. चहा गरजेनुसार.

धडा पहिला : भिजत घालणे

मंगळवारी वालाचं बिरडं हवं असेल तर वाल रविवारी भिजत घालावे लागतात. सोमवारच्या कंटाळ्याचंही तसंच आहे. तो सोमवारी सकाळी करायला घेतला तर कच्चा राहतो.

रविवारी दुपारची झोप झाली, चहाचा कप हातात आला, की खिडकीबाहेर बघत फक्त एवढंच म्हणावं, "उद्या सोमवार." पुढे काही बोलू नये. घरातली माणसं गप्प होतात, मुलं दप्तर शोधायला लागतात, आणि रविवारचे उरलेले सहा तास हातात असूनही कुणालाच वापरता येत नाहीत. सोमवार सुरू व्हायच्या आत त्याचा एक चतुर्थांश हिस्सा असा आधीच भोगून होतो.

सुट्या वाढल्या तर कंटाळा कमी होईल, अशी भीती काहींना वाटते. ती निराधार आहे. १ सप्टेंबर २०१५ पासून बँकांना महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार सुटी मिळायला लागली. आमच्या शाखेत त्या दिवशी पेढे वाटले. मी मात्र शांत होतो. अनुभवानं मला माहीत होतं, की सोमवारची तयारी करायला आता एक दिवस जास्त मिळाला आहे.

धडा दुसरा : व्याकरण

हा धडा लहान आहे, पण पाया आहे. तो कच्चा राहिला तर पुढचे सगळे धडे डगमगतील.

बोलताना साधं क्रियापद वापरणं सोडून द्यावं. 'जातो' म्हणू नये, 'जावं लागतं' म्हणावं. 'लेजर लिहितो' नाही, 'लेजर लिहावं लागतं'. उदाहरण नीट पाहा.

मी टोकन देतो.
मला टोकन द्यावं लागतं.

टोकन तेच, पितळेचंच आणि आकडाही तोच. पण पहिल्या वाक्यातला 'मी' दुसऱ्या वाक्यात 'मला' झाला. प्रथमेत ताठ बसलेला माणूस उठून चतुर्थीत जाऊन उभा राहिला. काम करणारा तो राहिलाच नाही, आता काम त्याच्यावर येऊन आदळतं आहे. दिवसातून पन्नास-साठ वेळा हा प्रयोग केला, की साधारण तीन महिन्यांत विचारही आपोआप चतुर्थीत व्हायला लागतात.

पुढची पायरी म्हणजे क्रियापदच काढून टाकणं. लग्नकार्यात कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?" तर "बँकेत असतो," असं सांगावं. काही 'करतो' असं कबूल करूच नये. नुसतं असावं, फाइल असते तसं.

धडा तिसरा : घड्याळ

आमच्या हॉलमधलं घड्याळ पाच मिनिटं मागे होतं. ते मागे आहे हे अख्ख्या शाखेला माहीत होतं, मलाही होतं. तरी मी मनगटावरचं बरोबर घड्याळ सोडून त्याच्याकडेच बघत असे. एक तर त्यात साडेपाच उशिरा वाजत, आणि दुसरं म्हणजे त्याच्याकडे बघायला मान वर करावी लागे, त्यामुळे हातातलं काम हमखास तुटत असे.

हे तुटणं महत्त्वाचं आहे. काम सलग पंधरा-वीस मिनिटं झालं तर त्यात माणूस ओढला जाण्याचा धोका असतो. म्हणून दर सात मिनिटांनी मान वर. हल्ली ही सोय मोबाइलनं केली आहे. मान खाली घालूनही काम तोडता येतं. प्रगती म्हणतात ती हीच.

एखादा विद्यार्थी विचारेल, इतकं करूनही मन कामात रमलंच तर काय? घाबरू नये. विज्ञान आपल्या बाजूनं आहे. मिहाय चिक्सेंटमिहाय आणि ज्युडिथ लफेव्हर या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या ७८ नोकरदारांना आठवडाभर पेजर देऊन ठेवले होते. पेजर अवेळी वाजायचा आणि त्या माणसानं लगेच वहीत लिहायचं, की आत्ता काय करतोय, ते किती कठीण आहे, आपल्याला ते किती जमतंय, मन कसं आहे. १९८९ साली त्यांनी जे छापलं ते मजेशीर आहे. काम कठीण, पण हाताला तेवढं कसब, अशी दोन्ही पारडी भरलेले आणि माणसाला पुरतं गुंतवणारे क्षण फुरसतीत कमी आणि नोकरीच्या वेळेत कितीतरी जास्त सापडले. आणि तरीही नोकरीच्या वेळेत ही माणसं वहीत लिहीत होती, की आत्ता दुसरं काही तरी करत असतो तर बरं झालं असतं.

याचा अर्थ ध्यानात घ्या. माणूस रमलेला असतानाही त्याला आपण कंटाळलो आहोत असं वाटू शकतं. घरी सोफ्यावर पडून कंटाळत असतानाही आपण मजेत आहोत असं वाटू शकतं. खरी परिस्थिती आड येत नाही. नवशिक्यांना यापेक्षा मोठा दिलासा कोणता हवा?

धडा चौथा : दर लावणे

प्रत्येक कामाला दर लावावा. कसा, ते बचत खात्याच्या व्याजावरून सांगतो.

कॉम्प्युटर यायच्या आधी हे व्याज हातानं काढावं लागे. (व्याकरण पाहा.) जून आणि डिसेंबर आला की लेजरचं एकेक पान उघडायचं. प्रत्येक महिन्याची दहा तारीख ते महिनाअखेर यांच्यामधली सगळ्यांत कमी शिल्लक शोधायची, अशा सहा महिन्यांच्या सहा शिलका मांडायच्या, बेरीज करायची, त्यावर व्याज. दहा तारखेला कुणी पैसे काढले, अकराला भरले, तर त्या महिन्यापुरता तो बिचारा मेला. हा नियम १ एप्रिल २०१० ला संपला आणि रोजच्या शिलकीवर व्याज सुरू झालं. तोवर ते काम मशीनकडे गेलेलं होतं.

सुरुवातीच्या एक-दोन वर्षांत आम्ही पोरं या बेरजांच्या शर्यती लावत असू. चार जण, चार लेजरं, आणि दोन नंबर काउंटरवरच्या मॅडम पंच. बोट आकड्यांवरून खाली घसरत जायचं आणि तळाशी पोचताच बेरीज तोंडातून बाहेर पडायची. हरणाऱ्यानं भजी आणायची. हे कंटाळ्याला किती घातक होतं ते सांगायला नको.

यावर उतारा मीच शोधला. क्लोजिंगच्या दिवसांत ओव्हरटाइम मिळायचा. मी एकदा हिशोब मांडला, की एका पानामागे आपल्याला नेमके किती पैसे पडतात. आकडा फार बारीक निघाला. तो मी सगळ्यांना ऐकवला. दुसऱ्या दिवसापासून शर्यत बंद झाली. प्रत्येक जण पान उलटताना मनात तो आकडा उलटायला लागला. भजीही बंद झाली, मॅडम दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

पुढे वाचनात आलं, की हा शोध माझा नव्हे. एडवर्ड डेसी नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९७१ सालीच विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली होती. मुलांना ती आवडत होती. मग एका गटाला प्रत्येक सुटलेल्या कोड्यामागे एक डॉलर दिला. त्यानंतर पैसे थांबवले आणि मुलांना मोकळा वेळ देऊन खोलीबाहेरून पाहिलं. डॉलर मिळालेली मुलं आता कोड्यांकडे पूर्वीपेक्षा कमी वळत होती. फुकटात मजा देणारी गोष्ट एकदा दरपत्रकावर चढली, की दर काढून घेतल्यावर मजाही परत येत नाही.

पगार मागू नये असं मी म्हणत नाही. पगार मागावा, भांडून घ्यावा, महागाई भत्त्याचा दशांशही सोडू नये. मी फक्त एवढंच शिकवतो आहे, की महिन्याच्या पगाराचे बारीक बारीक तुकडे करून ते दिवसभरातल्या प्रत्येक हालचालीवर चिकटवावेत. परिणाम हमखास.

धडा पाचवा : तक्रारीची निगा

तक्रार निवडताना नवशिके हमखास एक चूक करतात. ते दूर होऊ शकेल अशी तक्रार निवडतात. मीही केली.

माझ्या टेबलावरचा पंखा फिरताना डुगडुगायचा आणि वारा शेजारच्या कपाटाला द्यायचा. तीन वर्षं मी त्या पंख्यावर जगलो. सकाळी आल्याबरोबर त्याच्याकडे बघून मान हलवायची. गिऱ्हाइकानं पासबुक पुढे केलं, की आधी कपाळ पुसायचं. जेवणाच्या सुटीत पंख्याचा विषय निघाला नाही असा दिवस नव्हता. आणि मग घात झाला. युनियनच्या सेक्रेटरीनं माझं बोलणं खरं मानून व्यवस्थापनाला पत्र दिलं. आठ दिवसांत नवा पंखा. गार वारा थेट डोक्यावर.

चार दिवस मी खूश होतो. पाचव्या दिवशी लक्षात आलं, घाम नाही, पण लेजर तेच आहे आणि माझं तोंडही तेच आहे.

याचं कोडं फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली पुस्तक लिहून सोडवून ठेवलं होतं. त्यांनी पिट्सबर्ग भागातल्या सुमारे दोनशे इंजिनिअर आणि अकाउंटंट मंडळींना विचारलं, की नोकरीत फार बरं वाटलं तो प्रसंग सांगा, आणि फार वाईट वाटलं तोही सांगा. अकाउंटंट म्हणजे आमचेच भाऊबंद. वाईट प्रसंगांत येत होते कंपनीचे नियम, वरचे साहेब, पगार, बसायची जागा. चांगल्या प्रसंगांत येत होतं हातून काही तरी पुरं झाल्याचं समाधान, कुणी घेतलेली दखल, आणि खुद्द काम. याद्या दोन निघाल्या. बँकेच्या भाषेत सांगायचं तर ही दोन वेगळी खाती आहेत. एका खात्यातली बाकी फेडली म्हणून दुसऱ्यात आपोआप रक्कम जमा होत नाही. पंखा नसला की माणूस दुःखी होतो. पंखा लागला म्हणून तो लेजरवर प्रेम करायला लागत नाही.

म्हणून जुनी तक्रार सुटल्यावर मी दुसरी काढली, आणि ती निवृत्तीपर्यंत पुरली. "इथे आपली कुणाला किंमत नाही." हिला पत्र देता येत नाही, हिचं टेंडर निघत नाही, इलेक्ट्रिशियन येऊन ही दुरुस्त करू शकत नाही. विद्यार्थ्यांनी थेट हिच्यापासूनच सुरुवात करावी.

धडा सहावा : कुसंगत

आतापर्यंतचं सगळं साधलं तरी एक माणूस तुमची वर्षांची मेहनत धुळीला मिळवू शकतो. आमच्याकडे तो दप्तरी होता. आम्ही त्यांना काका म्हणत असू.

दप्तऱ्याचं काम असं. दिवसभराची व्हाउचरं गोळा करायची, खातेवार लावायची, दाभणानं भोकं पाडून दोऱ्यानं शिवायची, वर तारीख घालून गठ्ठा रेकॉर्ड रूममध्ये ठेवायचा. रेकॉर्ड रूम म्हणजे जिन्याखालची खोली. एक बल्ब, धूळ, आणि झुरळं. पगार माझ्यापेक्षा कमी. कंटाळा करायला याहून सुपीक जमीन कुठे मिळेल? आणि हा माणूस तिथे बसून गठ्ठ्याच्या चारही कडा तळहातानं ठोकून एका रेषेत आणायचा. पिन गंजेल म्हणून प्रत्येक पिन काढून टाकायचा. गाठ अशी मारायचा, की सुटणार नाही पण सोडवायला गेलं तर एका ओढीत सुटेल.

मी एकदा म्हटलं, "काका, कोण बघणार आहे?"

"बघायला कोण येतंय, साहेब," ते म्हणाले, "पण कधी कोर्टाचं काम निघालं, की दहा वर्षांनी माणूस इथे येऊन हा गठ्ठा उघडतो. त्यानं मला शिवी घालू नये, एवढंच बघायचं."

अशा बोलण्यानं मनावर परिणाम होतो, म्हणून ते ऐकू नये. दुर्दैवानं असे लोक सगळीकडे पसरलेले आहेत. एमी रेझनेस्की आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका कॉलेजातले २४ ऑफिस सहायक होते. सगळ्यांचं काम जवळपास एकच. त्यातले साधारण एक तृतीयांश त्याला पोटापाण्याची नोकरी म्हणत होते, एक तृतीयांश वर चढायची शिडी, आणि उरलेले एक तृतीयांश, काय सांगावं, आपलं जीवितकार्य. पुढे २००१ साली रेझनेस्की आणि जेन डटन यांनी हॉस्पिटलमधल्या सफाई कामगारांबद्दल लिहिलं. त्यातल्या काहींनी आपलं काम फरशी पुसण्यापुरतं ठेवलंच नव्हतं. रोग्याशी दोन शब्द बोलणं, घाबरलेल्या नातेवाइकांना वाट दाखवणं हेही ते आपल्या कामात धरत, आणि रोगी बरा होण्यात आपलाही हात आहे असं मानत. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. म्हणजे आमचे काका अमेरिकेतही भेटतातच.

आपल्याकडे तर परंपराच बिघडलेली. सोलापूर जिल्ह्यातल्या अरणचे सावता माळी मळा सोडून पंढरपूरला गेले नाहीत, विठ्ठलच त्यांच्याकडे आला, अशी कथा सांगतात. कामाच्या जागीच दर्शन! घरून काम करणाऱ्या आजच्या मंडळींनाही हे जमलेलं नाही.

१८७६ हे साल तर आपल्या विषयाला फारच वाईट गेलं. त्या वर्षी अमेरिकेत मार्क ट्वेनची 'टॉम सॉयर' आली. त्यातल्या टॉमला मावशीनं शिक्षा म्हणून कुंपण रंगवायला लावलं, तर तो ते अशा थाटात रंगवायला लागला, की चिडवायला आलेली पोरं आपल्याजवळचे पतंग आणि गोट्या देऊन ब्रश मागायला लागली. कुंपण तेच, उन्हातली दुपार तीच. त्याच वर्षी २३ फेब्रुवारीला अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म झाला. पुढे लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. गावात शिरलं की आधी खराटा, गाव झाडून झालं की रात्री कीर्तन. टॉमनं लबाडी केली आणि बाबांनी केली नाही, एवढा फरक सोडला, तर दोघांनीही आपल्या धंद्याचं भरून न येणारं नुकसान केलं. ज्याला लोक हलकं काम म्हणत, ते त्यांनी हातात असं धरलं, की बघणाऱ्याला आपलेच रिकामे हात जड वाटायला लागले.

उपाय एकच. अशा माणसांपासून किमान दोन टेबलं लांब बसावं.

अपघात आणि प्रथमोपचार

पूर्ण काळजी घेऊनही अपघात होतात. माझ्या बाबतीतला मोठा अपघात १९८६ सालचा.

महिनाअखेरचं बॅलन्सिंग होतं. बचत लेजरांतल्या सगळ्या खात्यांच्या शिलका उतरवून बेरीज करायची आणि ती जनरल लेजरच्या आकड्याशी जुळली पाहिजे. जुळली नाही. फरक ६३ रुपये. साडेपाच वाजले, नेहमीची लोकल गेली. मी धडा दुसरा आणि पाचवा मिळून मोठ्यानं म्हणत बसलो होतो. माझा संशय आधी दोन नंबरच्या मॅडमवर होता, कारण त्यांचा एक हा सातासारखा दिसे. मग नव्या लागलेल्या पोरावर. मग साहेबांवर.

काका कुलपं लावायला आले होते. म्हणाले, "नवानं भाग जातो का बघा."

गेला. सात वेळा. फरकाला नवानं भाग गेला, की बहुतेक वेळा कुणीतरी आकड्यांची अदलाबदल केलेली असते, हा बँकेतला जुना तोडगा. आणि भागाकार सात आला, म्हणजे उलटे पडलेल्या दोन अंकांत सातचं अंतर. १८ आणि ८१. २९ आणि ९२. ०७ आणि ७०. बास, एवढ्याच जोड्या. फरकाचा निम्मा आकडा शोधून एखादी नोंद नाव्याच्या जागी जमेला पडली आहे का, तेही पाहिलं. साडेएकतीसची नोंद कुठेच नव्हती. तो रस्ता बंद. आता फक्त जोड्या.

त्यानंतर काय झालं ते सांगताना मला अजून संकोच वाटतो. मी लेजर पुढे ओढलं. बोट शिलकेच्या रकान्यावरून खाली जायला लागलं. काका समोर बसून व्हाउचरं काढून देऊ लागले. मी आकडा बोलायचो, ते व्हाउचर पुढे सरकवायचे. मध्ये चहा आला आणि गार झाला. पंखा डुगडुगत होता म्हणतात, मला ऐकू आला नाही. एका पानावर १८ आणि व्हाउचरवर ८१ दिसले, तेव्हा मी खुर्चीवरून उठून ओरडलो. काका हसले. मान वर केली तर भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजून पाच मिनिटं झालेली. म्हणजे खरी आठ-दहा. अडीच तासांत मी एकदाही त्याच्याकडे पाहिलं नव्हतं.

त्या रात्रीच्या लोकलमध्ये बसायला जागा होती. तरी मी दारात उभा राहून गेलो.

प्रथमोपचार : दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात शिरताच सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणावं, "काल आठ वाजेपर्यंत थांबावं लागलं." मी म्हटलं. काकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि दाभणात दोरा ओवला.

हे धडे कोणी वापरू नयेत

पुस्तकाच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात छापायचा मजकूर मी मुद्दाम मोठ्या अक्षरात देतो आहे.

बीडहून दिवाळीच्या सुमाराला उचल घेऊन कारखान्याच्या फडावर जाणारी नवरा-बायको, ज्या जोडीलाच 'कोयता' म्हणतात, त्यांना यातला एकही धडा लागू नाही. हातानं मैला साफ करायला लावण्याविरुद्ध २०१३ साली कायदा होऊनही जो माणूस आज गटारात उतरतो, त्यालाही नाही. 'करावं लागतं' हे त्यांच्या तोंडी व्याकरण नव्हे, ती वस्तुस्थिती आहे. त्यांचा पंखा सोडा, त्यांच्याकडे छतही नाही. त्यांना मन रमवायला सांगणाऱ्यानं आधी एक दिवस कोयता धरावा.

दुसरी सूचना साहेब लोकांना. आमच्या शाखेत दोन जागा चार वर्षं रिकाम्या होत्या. त्या भरायच्या सोडून एका साहेबांनी भिंतीवर सूर्योदयाचं पोस्टर लावलं. खाली 'दृष्टिकोन बदला' असं लिहिलेलं. ते पोस्टर नेमकं एका रिकाम्या खुर्चीच्या मागे होतं. माणसाचा दृष्टिकोन ही त्याची खासगी बाब आहे. ती रिकाम्या खुर्चीवर बसवता येत नाही.

हे धडे आहेत ते माझ्यासारख्यांसाठी. ज्यांच्या डोक्यावर पंखा आहे, महिन्याच्या शेवटी पगार आहे, आणि ज्यांना करण्यासारखं काम रोज सकाळी टेबलावर येऊन पडलेलं सापडतं.

स्वाध्याय

१. गाळलेल्या जागा भरा : सोमवार हा ______ असतो.

२. कर्ता बदलून वाक्य पुन्हा लिहा : मला टोकन द्यावं लागतं.

३. थोडक्यात उत्तर द्या : दप्तरीकाकांना पगाराशिवाय जास्त काय मिळत होतं? ते लेखकाला का मिळालं नाही?

४. एका शब्दात उत्तर द्या : १८ की ८१? फरक शेवटी कुणाच्या अक्षरात सापडला?

उत्तरसूची

१. 'रविवारनंतरचा दिवस'. इतर कुठलंही उत्तर लिहिलं असल्यास विद्यार्थी पहिल्या धड्यात उत्तीर्ण.

२. मी टोकन देतो. (३७ वर्षांत हे वाक्य मोठ्यानं म्हणून पाहायला मी विसरलो. विद्यार्थ्यांनी म्हणून पाहावं, निदान परीक्षेपुरतं.)

३. या प्रश्नाच्या पहिल्या भागाचं उत्तर रेकॉर्ड रूममध्ये आहे. तिथला कुठलाही गठ्ठा घ्यावा आणि गाठीचं टोक एकदाच ओढावं. दुसऱ्या भागाचं उत्तर धडा एक ते सहा.

४. माझ्या.